सारवलेले अंगण ते सिमेंटचा कोबा

पाऊस सरला, भाते कापून झाली, की कोकणात अंगण करायचे दिवस येतात. 'अंगण करणे' हे बोलणे घाटावरच्या मंडळींना थोडे नवे वाटेल. तिकडे घरापुढे अंगण असते; आमच्याकडे मातीचे अंगण दरवर्षी नव्याने करावे लागते. चार महिन्यांच्या पावसाने वरची माती धुपते, पागोळ्यांखाली चर पडतात, गुडघाभर गवत माजते. ते गवत काढायचे, जमीन खणायची, ढेकळे फोडायची, पाणी शिंपून रात्रभर मुरू द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी लाकडी चोपण्याने सगळी जमीन चोपून काढायची. मग शेणाचा हात फिरवायचा. त्यानंतर मांडव, तुळशीचे लग्न, वाळवणे, आणि रात्री मुलांचे खेळ, सारे काही त्या अंगणात.

आज मी आपल्याला या अंगणाच्या वरच्या बोटभर थराचा इतिहास सांगणार आहे. इतिहासाच्या प्राध्यापकाने किल्ले, तह सोडून हा कसला विषय घेतला असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. या बोटभर थरासाठी आपल्या आया-आज्यांनी आयुष्यातले किती दिवस गुडघे टेकून घालवले याचा हिशेब मांडला, तर एखादी मोहीमही त्यापुढे लहान वाटेल.

मूळ अडचण एकच आहे, आणि ती फार जुनी आहे. जमीन पाणी पिते. पाणी प्यायलेली जमीन फुगते, मऊ होते, आणि वाळली की भेगाळते, धूळ देते. तेव्हा तिची तोंडे बंद करायची. शेणाने हेच साधते. गाईच्या पोटात न पचलेले गवताचे बारीक धागे शेणात असतात. ते मातीला एकमेकांत गुंतवून धरतात आणि वरचा पापुद्रा भेगाळू देत नाहीत. मातीच्या गिलाव्यात धागे घालण्याची ही युक्ती लेणी कोरणाऱ्या कारागिरांनाही ठाऊक होती. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचे संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले. फरक इतकाच की लेण्यातला गिलावा शतके टिकतो आणि अंगणातले सारवण आठवडाभर. पुन्हा शेण, पुन्हा पाणी, पुन्हा गुडघे.

ज्यांना आठवडाभराचे टिकणारे नको होते, त्यांनी दुसरे मार्ग शोधले. सिंधू संस्कृतीतल्या मोहेंजोदडो येथील मोठे स्नानकुंड १९२५-२६ च्या उत्खननात उजेडात आले. सुमारे बारा मीटर लांब आणि सात मीटर रुंद असे हे कुंड. त्याच्या विटा एकमेकींना घट्ट चिकटवून जिप्समच्या गाऱ्यात बसवल्या होत्या आणि त्यांच्या पाठीमागे डांबराचा थर दिला होता. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या गवंड्याला विटेचे छिद्र दिसत नव्हते, पण ते आहे आणि त्यातून पाणी जाते हे त्याला पक्के समजले होते.

आपल्याकडे पुढे हे काम चुन्याने केले. आमच्या किल्ल्यांवर गेलात तर दगडात कोरलेला एक गोल चर आणि त्यात पडलेले जाड दगडी चाक पुष्कळ ठिकाणी दिसेल. सहलीला आलेली मुले त्यावर बसून छायाचित्रे काढतात. ती चुन्याची घाणी. बैल जुंपून त्यात चुना मळत. त्यात वाळू, कुठे विटेची पूड म्हणजे सुरखी घालीत, आणि गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणीही घालण्याची रीत होती. असा चुना घालून, चोपून, वर घोटून केलेली जमीन आरशासारखी दिसे. पण एवढा खर्च राजवाड्याला, देवळाला, सावकाराच्या वाड्याला परवडणारा. कुळाच्या अंगणाला शेणच.

साध्या चुन्याचा आणखी एक दोष होता. तो हवेतला वायू शोषून सावकाश घट्ट होतो. सतत पाण्यात राहिला तर त्याला घट्टपणा येतच नाही. हा प्रश्न इंग्लंडात जॉन स्मीटन या इंजिनिअरापुढे आला, तो १७५६ साली. त्याला भर समुद्रात एडिस्टोन खडकावर दीपगृह बांधायचे होते. त्याने ठिकठिकाणचे चुनखडक आणून तपासले. प्रत्येक खडकाचा तुकडा तेजाबात विरघळवी आणि तळाला काय उरते ते पाही. ज्या खडकातून चिकणमाती उरली, त्याचाच चुना पाण्याखाली घट्ट झाला. म्हणजे आजवर जी भेसळ समजत होते, तीच खरी कामाची निघाली! दीपगृह १७५९ साली पुरे झाले. पुढे १८२४ साली लीड्सच्या जोसेफ अस्पडिन या गवंड्याने चुनखडी आणि माती मुद्दाम एकत्र भाजून, दळून एका भुकटीचे पेटंट घेतले. ती घट्ट झाली की इंग्लंडातल्या पोर्टलंडच्या दगडासारखी दिसते म्हणून त्याने तिला पोर्टलंड सिमेंट म्हटले. गोणीवर आपण आजही ते नाव वाचतो. आजचे सिमेंट मात्र अस्पडिनच्या त्या पहिल्या भुकटीपेक्षा पुष्कळ वेगळे आहे. ते सुमारे १४५० अंशांवर भाजावे लागते, आणि हे तंत्र त्याच्यानंतरच्या लोकांनी बसवले.

हिंदुस्थानात सिमेंट प्रथम विलायतेहून येई. इथे ते करण्याचा प्रयत्न मद्रासकडे १९०४ च्या सुमारास झाला, पण तो जमला नाही. १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्यातून देशी सिमेंट बाहेर पडू लागले, आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटून बाहेरचा माल अडला, हे त्या कारखान्याच्या पथ्यावर पडले. पण लोकांना सवय चुन्याची. म्हणून कारखानदारांनी १९२७ साली काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था काढली. काँक्रीट कसे कालवावे, कसे ओतावे याचा सल्ला ती लोकांना फुकट देत असे.

खेड्यातल्या अंगणापर्यंत मात्र हे सिमेंट पोचायला फार वर्षे लागली. दुसऱ्या महायुद्धापासून त्यावर सरकारी नियंत्रण होते. घराला चार गोण्या हव्या तर परमिट हवे, आणि परमिटासाठी तालुक्याला खेपा. सिमेंटच्या वाटपाच्या प्रकरणातून १९८२ च्या जानेवारीत महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले, यावरून त्या गोणीची किंमत काय होती ते ध्यानात यावे. त्याच वर्षी नियंत्रण थोडे सैल झाले आणि १९८९ साली ते पूर्ण उठले. आमच्या घरापुढे कोबा झाला तो १९९१ साली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. गवंड्याने रंधा फिरवून वर सिमेंटचे पाणी घोटले आणि आईला म्हणाला, "वयनी, आता शेणाची कटकट जल्माची गेली."

आई हसली होती. ते हसू मला अजून आठवते. तिच्या वयाच्या बायकांना सिमेंटने काय दिले हे सारवणाचे गोडवे गाणाऱ्या शहरी मंडळींनी त्यांनाच विचारावे.

पण गवंड्याचे बोलणे पुरते खरे नव्हते, आणि यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. सिमेंटचा दगड बाहेरून कितीही टणक दिसो, आतून तो स्पंजासारखा आहे. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. शिक्षकांनी तर वर्गात करून दाखवावे. पन्नास किलोच्या एका गोणीतल्या सिमेंटला पुरतेपणी आपले काम करायला सुमारे वीस लिटर पाणी पुरे होते. पण एवढ्यात माल घट्ट राहतो, थापीला जड जातो, म्हणून घरगुती कामावर सर्रास तीस-पस्तीस लिटर ओतले जाते. हे वरचे पाणी पुढे उडून जाते आणि जाताना आपल्या वाटा मागे ठेवते. या वाटा केसाहून पुष्कळ बारीक, पण एकमेकींना जोडलेल्या असतात. शिकागोच्या डफ अब्राम्स यांनी १९१८ साली प्रयोगांती दाखवून दिले की सिमेंटच्या मानाने पाणी जितके जास्त, तितके काँक्रीट दुबळे. तरीही शंभर वर्षांनंतर आमच्या गावात माल 'पातळ कर रे' ही हाक ऐकू येतेच.

त्या बारीक वाटांनी पावसाचे पाणी आत शिरते. आतला मोकळा चुना विरघळवून ते वर आणते. तो हवेशी मिळून पांढरा होतो, त्याला आपण लोणा लागला म्हणतो. ओल टिकून राहिली, धूळ साठली, झाडाची सावली असली, की त्यावर शेवाळ धरते. मातीच्या अंगणात शेवाळ धरले तरी पुढच्या कार्तिकात सारी जमीनच खणून निघायची. कोबा कोण खणणार?

२०१६ च्या श्रावणात, सकाळी देवाची फुले काढायला गेलेली आई त्या कोब्यावर घसरली. मांडीच्या हाडाला मार बसला, आणि पुढचे तीन महिने ती खाटेवर होती.

मी कॉलेजातून रजा काढून आलो आणि रागाच्या भरात जे केले ते सांगतो, कारण तसे करणारे पुष्कळ आहेत. संडास धुवायचे तेजाब आणून मी सगळ्या अंगणावर ओतले. फेस आला, धूर निघाला, आणि शेवाळ गेले. कोबा पांढरा स्वच्छ दिसला. मी खूश. पुढच्या पावसाळ्यात शेवाळ दुप्पट आले. का? स्मीटनने चुनखडक कशात विरघळवला होता ते आठवा. सिमेंटचा जीव चुना आहे. तेजाबाने शेवाळाबरोबर गवंड्याने घोटलेला वरचा पातळ थरही खाल्ला होता, आणि छिद्रांची तोंडे मीच उघडून दिली होती. इतिहास शिकवणाऱ्याला एवढे सुचू नये! आणखी एक इशारा इथेच देऊन ठेवतो. तेजाब आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि तो जिवाशी येतो.

दगडाची छिद्रे बुजवण्याचा हा खटाटोप माझ्याआधी मोठमोठ्यांनी करून पाहिला आहे. लंडनचे जुने पार्लमेंट १८३४ साली जळाले. नव्या इमारतीसाठी तज्ज्ञांची समिती देशभर हिंडली आणि तिने यॉर्कशायरकडचा चुनखडक निवडला. पण लंडनच्या हवेत कोळशाचा धूर, त्यातून येणारे तेजाबी पाणी. इमारत पुरी होण्याआधीच दगडाचे पापुद्रे सुटू लागले. १८६१ साली नवी चौकशी समिती बसली. दरम्यान म्युनिकचे रसायनशास्त्रज्ञ फुक्स यांनी १८१८ साली एक पदार्थ शोधला होता. तो दिसतो पाण्यासारखा, वाळला की काचेसारखा, म्हणून त्याचे नाव जलकाच. फ्रेडरिक रॅन्सम या इंग्रज कारखानदाराने जलकाचेने दगड टणक करण्याची रीत काढली आणि पार्लमेंटच्या भिंतींवर ती वापरून पाहण्यात आली. इतरांनी आपापले लेप लावून पाहिले. झीज काही थांबली नाही. अखेर १९३० नंतर बरेचसे दगड काढून दुसरे बसवावे लागले, आणि मध्ये युद्ध आल्याने ते काम १९५० नंतर कुठे संपले.

अशा लेपांतून कारागीर एक धडा शिकले. नुसते वरचे तोंड बंद केले आणि आत ओल राहिली, तर ती ओल बाहेर पडायला धडपडते आणि लेपासकट पापुद्रा उचलते. आमच्याकडे चकचकीत रोगण मारलेल्या अंगणाला पहिल्याच पावसात फोड येतात, त्याचे कारण हेच. कोकणात पाणी नुसते वरून येत नाही, जमिनीतूनही वर चढते. शिवाय असे रोगण ओले झाले की शेवाळाइतकेच निसरडे.

तेव्हा हवे होते असे काही, की जे पाण्याला आत घेणार नाही आणि वाफेला मात्र बाहेर जाऊ देईल. त्याचा धागा नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंग या प्राध्यापकांनी धरला होता. वाळूतले सिलिकॉन आणि सेंद्रिय द्रव्ये यांची जोडणी करण्यात त्यांनी उणीपुरी चाळीस वर्षे घालवली. १९३७ साली छापून आलेल्या व्याख्यानात मात्र या शाखेत लवकर काही मोठे घडेल अशी आशा त्यांना वाटत नव्हती. आणि तीनच वर्षांनी, १९४० साली, अमेरिकेत युजीन रोचॉव यांनी ही द्रव्ये कारखान्यात करण्याची सोपी रीत शोधून काढली! प्राध्यापकांनी भविष्य सांगण्याच्या भानगडीत पडू नये हे खरे. या कुळातली जी द्रव्ये आज 'सिलेन' नावाने मिळतात ती पाण्यासारखी पातळ असतात. काँक्रीट ती पिऊन घेते. काही मिलिमीटर आत जाऊन ती छिद्राच्या भिंतीला चिकटतात. छिद्र मोकळेच राहते, पण अळवाच्या पानावर थेंब ठरू नये तसे पाणी त्याच्या तोंडाशी गोळा होऊन घरंगळते. आणि जलकाचही वाया गेली नाही. सिमेंटमधल्या मोकळ्या चुन्याशी तिचा संयोग होऊन छिद्रातल्या छिद्रात दगड तयार होतो, म्हणून कारखान्यांच्या जमिनी टणक करायला ती आजही वापरतात.

हे सारे मला कळले ते तालुक्याच्या गावाहून आलेल्या एका तरुणाकडून. अंगणे धुऊन त्यांना लेप देणे हाच त्याचा धंदा. मी फोन केला तो गणपतीत. तो येऊन बघून गेला आणि म्हणाला, "सर, आता नाय. दिवाळी होऊंदे. ओल आत असताना लावलंय तर पैशे पाण्यात." धंदेवाल्याने गिऱ्हाइकाला थांब म्हणावे, इथेच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

दिवाळीनंतर तो यंत्र घेऊन आला. दाबाच्या पाण्याची ही यंत्रे तशी नवी नाहीत. अमेरिकेत फ्रँक ओफेल्ट यांनी १९२६-२७ च्या सुमारास वाफेवरचे असे यंत्र केले, आणि जर्मनीतल्या कार्शर कारखान्याने १९५० साली गरम पाण्याचे यंत्र बाजारात आणले. अमेरिकेतल्या रशमोर डोंगरावर कोरलेले चार राष्ट्राध्यक्षांचे प्रचंड चेहरे २००५ साली याच तऱ्हेने, कसलेही रसायन न घालता धुऊन काढले. दहा फूट उंचीवरच्या टाकीतून नळाला येणाऱ्या पाण्याचा दाब सुमारे ०.३ बार असतो. या यंत्राच्या तोंडाशी तो शंभर बारांवर जातो. म्हणूनच ते जपून वापरायचे. तो तरुण नळीचे तोंड जमिनीपासून हातभर वर धरून, एका जागी न थांबता, झाडू मारल्यासारखे फिरवीत होता. जवळ धरले तर तेजाबाने जे केले तेच पाणी करील, खडी उघडी पडेल. पाणी किती लागेल याची मला काळजी होती. पण घरगुती जातीचे हे यंत्र मिनिटाला सहा-सात लिटरच घेते. आम्ही नळी सोडून खराट्याने घासतो तेव्हा याहून अधिक जाते.

नंतर त्याने भेगा भरल्या, चार दिवस ऊन खाऊ दिले, आणि मग चमचाभर पाणी कोब्यावर सोडून दाखवले. तो डाग क्षणात काळा पडून मुरला. "बघा, तहानलेलं हाय," तो म्हणाला. ही परीक्षा आपण कोणीही घरी करू शकता. पाणी मुरले तर लेपाचा उपयोग होईल. थेंब वरच राहिला तर पहिला लेप अजून जिवंत आहे, पैसे वाचवा. अंगण नवे असेल तर मात्र ओतल्यापासून अठ्ठावीस दिवस जाऊ द्यावेत. त्या दिवसांत त्याला पाणी मारण्यात जी माणसे कसूर करतात, त्यांचा कोबा पुढे कुठल्याही लेपाने सुधारत नाही.

माझे स्वतःचे एक मत सांगतो. सगळेच्या सगळे अंगण सिमेंटने झाकून, वर त्याची छिद्रेही बंद करून आपण पावसाचे पाणी थेट गटारात घालतो, आणि वैशाखात विहिरीचा तळ दिसला की वर बघतो. चालायची वाट, न्हाणीघराकडची बाजू, गुरांच्या गोठ्यापुढची जागा, जिथे पाय घसरायची भीती आहे तिथे कोबा हवा आणि त्याची निगाही हवी. बाकीची जमीन उघडी राहिली तर कोणाचे काय बिघडते?

आईने हे माझ्याआधीच ठरवले होते. काठी टेकत ती बाहेर आली, लेप दिलेल्या कोब्यावर तिने सड्याचे पाणी शिंपडले, थेंब मोत्यांसारखे इकडे तिकडे पळाले. "सडा बसत नाय ह्याच्यावर," ती म्हणाली. मग त्या तरुणाला तुळशीपाशी घेऊन गेली आणि वृंदावनाभोवतीचा कोबा दोन हात रुंद फोडून द्यायला सांगितले. तेवढी माती आता मोकळी आहे. वाकणे तिला जमत नाही, म्हणून दर गुरुवारी माझी मुलगी ती सारवते आणि आई पायरीवर बसून, शेणात पाणी किती घालायचे ते सांगते.